एकच गुडघा, दोन खातेवह्या : अमेरिका आणि कॅनडात उपचार कसे मिळतात आणि कितीला पडतात

विंडसर आणि डेट्रॉइट या दोन शहरांच्या मधून फक्त एक नदी वाहते. विंडसर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, डेट्रॉइट अमेरिकेत. विंडसरमध्ये राहणाऱ्या शेकडो नर्स रोज ड्युटीसाठी नदी ओलांडून डेट्रॉइटच्या हॉस्पिटलांत जातात. औषधं तीच, यंत्रं तीच, डॉक्टरांचं शिक्षणही जवळपास सारखंच.

समजा या नदीच्या दोन्ही काठांवर पंचावन्न वर्षांचा एकेक माणूस राहतो. दोघांचाही उजवा गुडघा झिजला आहे आणि दोघांनाही सांधा बदलायचा आहे. अमेरिकेतल्याचा विमा चांगला असेल तर काही आठवड्यांत त्याचं ऑपरेशन होईल आणि पुढचे काही महिने घरी बिलं येत राहतील. कॅनडातला कदाचित वर्षभर थांबेल, पण हॉस्पिटलमधून निघताना त्याच्याकडे कोणी एक डॉलरही मागणार नाही. ‘तिकडे पैसे लागतात, इकडे वेळ लागतो’ एवढं सगळ्यांना माहीत असतं. असं का होतं, हे मात्र हॉस्पिटलची जमाखर्चाची वही उघडल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत त्या वहीत गुडघ्याचं ऑपरेशन जमेच्या बाजूला लिहिलं जातं. पेशंट आला की विमा कंपनीकडून पैसे येतात, म्हणून हॉस्पिटलला आणखी गुडघे हवे असतात. जास्त ऑपरेशन थिएटरं बांधायची, शनिवारीही यादी लावायची, हायवेवर जाहिरातीचे फलक लावायचे, हे सगळं त्यातूनच येतं. कॅनडात हॉस्पिटलला प्रांताच्या सरकारकडून वर्षाचं ठरीव बजेट मिळतं, त्यामुळे तेच ऑपरेशन खर्चाच्या बाजूला पडतं. काही प्रांत गुडघा आणि खुब्यासारख्या ठराविक ऑपरेशनांना नगामागे पैसे देतात, पण किती नग करायचे हेही आधीच ठरवून दिलेलं असतं. तो आकडा संपला की सर्जन मोकळा असला, पेशंट तयार असला, तरी थिएटर बंद. अमेरिकेतलं बिल आणि कॅनडातली रांग, दोन्ही या एकाच नोंदीतून निघतात.

एक गैरसमज इथेच बाजूला करायला हवा. कॅनडातले डॉक्टर सरकारी नोकर नसतात. बहुतेकांचं स्वतःचं क्लिनिक असतं, जागेचं भाडं आणि नोकरांचा पगार ते स्वतः भरतात. सरकार फक्त बिल चुकतं करतं. म्हणजे दवाखाना खासगी आणि विमा सरकारी. आपल्याकडे ‘सरकारी दवाखाना’ म्हटलं की जे चित्र उभं राहतं, ते तिथे लागू पडत नाही.

कॅनडा : कार्ड, चिठ्ठी आणि रांग

कॅनडात देशाचा असा एक विमा नाही, प्रत्येक प्रांताचा वेगळा आहे. सुरुवात सस्कॅचवन प्रांतात झाली. टॉमी डग्लस यांच्या सरकारने १९४७ मध्ये तिथे हॉस्पिटलचा विमा आणला. १ जुलै १९६२ ला डॉक्टरांच्या फीचाही विमा सुरू झाला, तेव्हा प्रांतातले डॉक्टर २३ दिवस संपावर गेले होते. पुढे ही पद्धत देशभर पसरली. आज सगळ्याचा पाया १९८४ चा कॅनडा हेल्थ ॲक्ट आहे. या कायद्याचं मर्म थोडक्यात असं : हॉस्पिटलमधली आणि डॉक्टरांची वैद्यकीय गरजेची सेवा प्रांताने रहिवाशांना पेशंटकडून काहीही न घेता द्यायची. कोणी वरून पैसे घेतले आणि प्रांताने ते चालू दिले, तर तेवढी रक्कम केंद्र सरकार प्रांताच्या अनुदानातून कापतं.

वेगळा हप्ता बहुतेक ठिकाणी नाही, पैसे करातून जातात. ऑन्टॅरिओत आयकराबरोबर ‘हेल्थ प्रीमियम’ नावाची रक्कम कापली जाते. ती उत्पन्नानुसार वर्षाला शून्य ते ९०० डॉलर असते. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जुना मासिक हप्ता १ जानेवारी २०२० पासून बंद केला. (कॅनडाबद्दल बोलताना डॉलर कॅनडाचे आणि अमेरिकेबद्दल बोलताना अमेरिकेचे समजावेत. कॅनडाचा डॉलर बराच स्वस्त आहे, आणि तुलना करणारे इथेच वारंवार फसतात.)

पहिली अडचण कार्डाची. ऑन्टॅरिओत पूर्वी नव्या रहिवाशाला तीन महिने थांबावं लागे, ती अट २०२० पासून गेली. ब्रिटिश कोलंबियात मात्र ज्या महिन्यात पोहोचलात तो उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने कार्ड चालू होत नाही. तेवढ्या काळापुरता खासगी विमा आधीच घ्यावा, कारण कार्ड नसलेल्याला हॉस्पिटल पूर्ण दर लावतं आणि तो दिवसाला हजारोंच्या घरात जातो. वर्क परमिटवाल्याला ऑन्टॅरिओत प्रांतातल्या मालकाकडे किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी असल्याचं दाखवावं लागतं. विद्यापीठात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना ऑन्टॅरिओचं सरकारी कार्ड मिळत नाही. त्यांच्यासाठी ‘यूहिप’ नावाचा वेगळा विमा आहे आणि त्याचे पैसे फीबरोबरच घेतले जातात.

दुसरी अडचण फॅमिली डॉक्टरची, आणि हीच मोठी. स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही, चिठ्ठी लागते. ती फॅमिली डॉक्टर देतो. आणि २०२२ च्या एका पाहणीत देशातल्या दर पाच प्रौढांमागे एकाहून जास्त जणांकडे फॅमिली डॉक्टरच नव्हता. नवे पेशंट घेणारे डॉक्टर थोडे आणि जुने निवृत्त होत चाललेले. म्हणून कार्ड हातात पडल्याच्या दिवशीच ऑन्टॅरिओत ‘हेल्थ केअर कनेक्ट’ या सरकारी यादीत नाव घालावं, शिवाय घराजवळची क्लिनिकं स्वतः फोन करून विचारावीत. तोवर अपॉइंटमेंटशिवाय जाता येणारं वॉक-इन क्लिनिक असतंच. ८११ वर फोन केला तर नर्सशी बोलून सल्ला घेता येतो. वॉक-इनमधला डॉक्टरही चिठ्ठी देऊ शकतो. पण स्पेशालिस्टचं उत्तर आलं का, हे विचारणारं तिथे कोणी नसतं. फॅक्स पोहोचलाच नाही, ही तिकडची नेहमीची दुर्घटना आहे. हो, अजूनही फॅक्स. चिठ्ठी गेल्यावर दोन आठवड्यांनी स्पेशालिस्टच्या ऑफिसला स्वतः फोन करून ‘मिळाली का’ विचारायचं. एवढ्या एका फोनने कित्येकांचे महिने वाचतात.

आता रांग. गुडघा आणि खुबा बदलण्यासाठी कॅनडाने ठरवलेली मुदत २६ आठवड्यांची आहे, मोतीबिंदूला १६, रेडिएशनला ४, आणि खुब्याचं हाड मोडलं असेल तर ४८ तास. गुडघ्याची मुदत साधारण १० पैकी ६ पेशंटांच्या बाबतीतच पाळली जाते. यात एक खोच आहे. हे २६ आठवडे सर्जन आणि पेशंट यांनी ऑपरेशनचं नक्की केल्या दिवसापासून मोजतात. चिठ्ठीपासून सर्जनच्या पहिल्या भेटीपर्यंतचे महिने आणि एमआरआयची प्रतीक्षा या हिशेबात धरलेली नसते. म्हणून सरकारी आकडा वाचून निघालेला माणूस प्रत्यक्षात दुप्पट थांबतो आणि त्याला वाटतं की आपल्याच बाबतीत काही गडबड झाली.

रांग पहिला आला त्याला पहिला अशी नसते. कॅन्सर, हृदय, अपघात पुढे जातात आणि हळूहळू झिजणारा गुडघा मागे सरकतो. म्हणून दुखणं वाढलं, झोप मोडायला लागली, कामावर जाता येईना, तर ते डॉक्टरांना सांगून चिठ्ठीत लिहून घ्यायचं. त्यावरून नंबर वर येऊ शकतो. दुसरा उपाय म्हणजे कोणत्या सर्जनची यादी छोटी आहे हे विचारणं. बहुतेक प्रांत प्रतीक्षेचे आकडे वेबसाइटवर टाकतात, आणि शेजारच्या शहरातला सर्जन कधी कधी निम्म्या वेळात मोकळा असतो. चिठ्ठी बदलून मागायला लाजू नये.

‘पैसे देतो, लवकर करा’ म्हणून चालतं का? जवळपास नाहीच. ब्रिटिश कोलंबियातल्या एका खासगी सर्जरी सेंटरने ही बंदी उठवण्यासाठी वर्षानुवर्षं खटला लढवला. २०२० मध्ये आणि अपिलात २०२२ मध्ये तो हरला, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावणीलाही नकार दिला. क्वेबेकची गोष्ट वेगळी. तिथे शाउली खटल्याच्या २००५ च्या निकालाने खासगी विम्याला थोडी फट उघडली.

बिल शून्य म्हणजे खर्च शून्य, असं मात्र नाही. हॉस्पिटलच्या दाराबाहेर पाऊल पडलं की सरकारी विमा बराचसा संपतो. घरी घ्यायच्या गोळ्या, दात, चष्मा, बहुतेक फिजिओथेरपी, कुबड्या, सगळं आपलं आपण. गुडघा बदलला फुकट, पण तो वाकवायला शिकवणाऱ्या फिजिओला पैसे. हा खर्च नोकरीतला जोडविमा उचलतो, तोही बऱ्याचदा ८० टक्के आणि वर्षाच्या मर्यादेत. म्हणजे कॅनडातही नोकरीचा विमा लागतोच, फक्त तो जीव वाचवण्यासाठी नसून दात आणि गोळ्यांसाठी असतो. अलीकडे केंद्राने दातांची योजना आणली आहे. ज्यांच्याकडे दातांचा खासगी विमा नाही आणि कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न वर्षाला ९०,००० डॉलरच्या आत आहे, त्यांना ती मिळते.

अमेरिका : चार शब्द आणि एक गणित

अमेरिकेत ‘विमा आहे का’ हा प्रश्न पुरेसा नाही. विमा असूनही माणूस बुडू शकतो. आधी चार शब्द पक्के करायला हवेत.

हप्ता म्हणजे प्रीमियम, आजारी पडा न पडा, द्यायचाच. डिडक्टिबल म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची ती रक्कम, जी संपेपर्यंत बहुतेक खर्च आपल्याच खिशातून. को-इन्शुरन्स म्हणजे त्यापुढच्या प्रत्येक बिलातला आपला टक्का. आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणजे वर्षाची कमाल मर्यादा, जिच्यापुढे विमा कंपनी सगळं भरते. २०१० च्या ओबामांच्या आरोग्य कायद्याने या मर्यादेला कमाल आकडा घालून दिला. २०२५ साठी तो एका माणसाला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होता. हप्ता या मर्यादेत मोजत नाहीत.

आता गुडघ्याचं गणित. समजा डिडक्टिबल २,००० डॉलर, को-इन्शुरन्स २० टक्के आणि कमाल मर्यादा ६,०००. हॉस्पिटलने लावलेलं बिल ८०,०००. हा आकडा बघून घाबरायचं नाही, कारण विमा कंपनी आणि हॉस्पिटलचा आधीच ठरलेला दर समजा ३०,००० आहे आणि हिशेब त्यावरच होतो. पहिले २,००० आपले. उरलेल्या २८,००० चे २० टक्के म्हणजे ५,६००. बेरीज ७,६००, पण मर्यादा ६,००० ची, म्हणून ६,००० वर आपण थांबतो. पुढची फिजिओथेरपीही त्या वर्षापुरती विमाच भरतो, पॉलिसीत ठरलेल्या बैठका संपेपर्यंत.

‘त्या वर्षापुरती’ हे शब्द जपून वाचावेत. बहुतेक पॉलिसींचं वर्ष १ जानेवारीला उलटतं आणि मीटर पुन्हा शून्यावर येतं. २० डिसेंबरला ऑपरेशन झालं तर जानेवारीतल्या फिजिओला पुन्हा नवं डिडक्टिबल. तेच ऑपरेशन फेब्रुवारीत केलं तर पुढचे दहा महिने मोकळे. तातडीचं नसलेलं मोठं काम वर्षाच्या सुरुवातीला करून घ्यावं, हा सल्ला अमेरिकेत डॉक्टरपेक्षा हिशेबनीस आधी देतो.

हप्त्याचंही बघू. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वर्षाचा सरासरी हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले गेले, बाकीचे कंपनीने भरले. कंपनीने भरलेले पैसे फुकट वाटतात, पण ते पगारवाढीतूनच वळते झालेले असतात. कॅनडाच्या कराला नावं ठेवताना हा आकडा शेजारी मांडून बघावा.

हे गणित उघडं असलं तरी चुका दुसरीकडे होतात. पहिली चूक नेटवर्कची. ‘तुम्ही हा विमा घेता का’ असं डॉक्टरच्या काउंटरवर विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ येतं. घेणं वेगळं आणि नेटवर्कमध्ये असणं वेगळं. विमा कंपनीला फोन करायचा, पॉलिसीचं नेमकं नाव सांगायचं, आणि सर्जन व हॉस्पिटल दोन्ही नेटवर्कमध्ये आहेत का ते विचारून कॉलचा नंबर लिहून ठेवायचा. पूर्वी हॉस्पिटल नेटवर्कमधलं असूनही भूल देणारा डॉक्टर बाहेरचा निघायचा आणि त्याचं हजारो डॉलरचं वेगळं बिल यायचं. १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्राइजेस’ कायद्याने ही लूट बरीच थांबवली. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्या कायद्यातून सुटली आहे.

दुसरी चूक पूर्वपरवानगीची. गुडघा बदलायला, एमआरआयला, महागड्या इंजेक्शनला विमा कंपनीची मंजुरी आधी घ्यावी लागते. सर्जनचं ऑफिस ती मागतं, पण ‘आधी सहा आठवडे फिजिओ केल्याचा पुरावा द्या’ असं उत्तर आलं की कागद कुठेतरी पडून राहतो. म्हणजे रांग अमेरिकेतही आहे, फक्त ती दिसत नाही. आणि मंजुरी नसली तरी पहिल्या भेटीसाठी थांबावं लागतंच : १५ मोठ्या शहरांच्या २०२२ च्या पाहणीत नव्या पेशंटला अपॉइंटमेंट मिळायला सरासरी २६ दिवस लागत होते.

तिसरी चूक लहान, पण रोजची. वार्षिक तपासणी फुकट असते. त्याच भेटीत ‘डॉक्टर, जरा गुडघाही बघा’ म्हटलं की ती प्रतिबंधक तपासणी राहत नाही, दुखण्याची भेट होते, आणि वेगळा कोड लागून बिल येतं.

बिल आल्यावरही लगेच भरायचं नाही. आधी विमा कंपनीचा हिशेबाचा कागद येतो, त्यावर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं. तो आणि हॉस्पिटलचं बिल जुळतं का बघायचं. जुळत नसेल तर बाबवार बिल मागायचं, कारण एकच गोष्ट दोनदा लावलेली सापडणं दुर्मीळ नाही. विमा कंपनीने क्लेम नाकारला तर अंतर्गत अपिलाला साधारण १८० दिवस मिळतात, तिथेही नकार आला तर चार महिन्यांत बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडे जाता येतं. अपील फार थोडे लोक करतात आणि करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम होतं. खिशात पैसेच नसतील तर तिसरा रस्ता आहे. अमेरिकेतली बरीच हॉस्पिटलं विना-नफा म्हणून करसवलत घेतात आणि त्या बदल्यात गरजूंना सवलत देण्याचं लेखी धोरण ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज करता येतो. ‘फायनान्शियल असिस्टन्स’ हे दोन शब्द उच्चारल्याशिवाय तो अर्ज कोणी आपणहून हातात देत नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेत २ कोटी ६४ लाख लोकांकडे कोणताही विमा नव्हता, लोकसंख्येच्या ८ टक्के. गरिबांसाठी मेडिकेड आहे, पण ते राज्यांच्या मर्जीवर चालतं. नव्या निकषांनुसार ते वाढवायला १० राज्यांनी आजवर नकार दिला आहे. त्यामुळे एकाच पगाराचा माणूस एका राज्यात विमाधारक आणि शेजारच्या राज्यात उघड्यावर असतो.

मध्यरात्री छातीत कळ आली तर

इथे दोन्ही देश वाटतात त्यापेक्षा एकमेकांच्या जवळ आहेत. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी असलेल्या हॉस्पिटलने आलेल्या प्रत्येकाला तपासून स्थिर करावंच लागतं, विमा असो नसो. पण कायदा उपचार देतो, माफी देत नाही. बिल मागून येतंच. कॅनडात कार्डवाल्याला बिल नाही, ऑन्टॅरिओत ॲम्ब्युलन्सचे ४५ डॉलर फक्त, आणि ती विनाकारण बोलावली असं डॉक्टरने ठरवलं तर २४०. ब्रिटिश कोलंबियात ८०.

पेशंटला १ ते ५ अशा क्रमाने लावलं जातं. हार्ट ॲटॅक असेल तर कॅनडातही मिनिटांत आत घेतात. मनगट मुरगळलेला माणूस सहा-आठ तास खुर्चीत बसतो आणि घरी जाऊन ‘कॅनडात कोणी बघत नाही’ असं सांगतो. दोघांचाही अनुभव खरा.

आपल्या नदीकाठी तर आणखी गंमत आहे. विंडसरमध्ये क्षमता कमी पडली की हार्ट ॲटॅकच्या पेशंटला अँजिओप्लास्टीसाठी पलीकडे डेट्रॉइटला नेण्याची व्यवस्था आहे, आणि पैसे ऑन्टॅरिओ भरतं. ब्रिटिश कोलंबियानेही मे २०२३ पासून काही कॅन्सर पेशंटांना रेडिएशनसाठी सीमेपलीकडे बेलिंगहॅमला पाठवायला सुरुवात केली. स्वतःची यंत्रं आणि माणसं वाढवण्याऐवजी शेजाऱ्याची जास्तीची क्षमता भाड्याने घेणं, असाच याचा अर्थ.

औषधं : इथे बाजू उलटते

गोळ्या विकत घ्यायला लोक उलट्या दिशेने येतात. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरोंटोत लागला, आणि पेटंट संशोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. शंभर वर्षांनी चित्र असं होतं की २०१८ च्या दरांनुसार इन्सुलिनच्या एका प्रमाणित मापाची सरासरी किंमत अमेरिकेत ९८.७० डॉलर आणि कॅनडात १२ डॉलर (दोन्ही अमेरिकन). २०१९ मध्ये मधुमेही मुलांचे आई-वडील गाड्या भरून सीमा ओलांडत होते. कॅनडात पेटंट असलेल्या औषधांच्या दरांवर १९८७ पासून एक सरकारी मंडळ लक्ष ठेवतं आणि प्रांत एकत्र येऊन घासाघीस करतात. अमेरिकेत छापील किंमत एक, मध्यस्थांना मिळणारी सूट दुसरी, आणि काउंटरवर पेशंटला पडणारी तिसरी. तिकडे २०२३ पासून मेडिकेअरवाल्या (मेडिकेअर म्हणजे ६५ च्या वरच्यांचा सरकारी विमा) ज्येष्ठांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडत नाही, आणि त्याच वर्षी कंपन्यांनी छापील किमतीही मोठ्या प्रमाणात उतरवण्याचं जाहीर केलं. २०२५ मध्ये या ज्येष्ठांच्या औषधखर्चाला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादाही आली.

कॅनडाने यावरून फार मिरवू नये. औषधं स्वस्त आहेत, पण ती सरकारी विम्यात नाहीत. ऑन्टॅरिओत २५ च्या आतल्यांना खासगी विमा नसेल तर आणि ६५ च्या वरच्यांना बहुतेक औषधं मिळतात. मधल्या चाळीस वर्षांत नोकरीचा विमा नसेल तर खिसाच. क्वेबेकने १९९७ पासून औषधविमा सक्तीचा केला. मधुमेहाची औषधं आणि गर्भनिरोधकं देशभर मोफत देण्याचा कायदा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, पण त्यातही प्रत्येक प्रांताशी स्वतंत्र करार लागतो आणि मोजक्यांनीच तो केला आहे.

नोकरी गेली तर

कॅनडात नोकरी गेली तर दात आणि गोळ्यांचा विमा जातो. डॉक्टर आणि हॉस्पिटल राहतं. अमेरिकेत एका पत्राने सगळंच जातं. वीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीत ‘कोब्रा’ नियमाने तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के असे १०२ टक्के स्वतः भरून. इथे एक उपयोगी बारकावा आहे. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे दोन महिने वाट बघून, मध्ये काही मोठं घडलं तरच घ्यायचा, असं करता येतं. फक्त मागचे सगळे हप्ते भरावे लागतात. त्याच ६० दिवसांत ‘मार्केटप्लेस’ या सरकारने चालवलेल्या विमा-बाजारातली पॉलिसीही घेता येते. दोन्हींची तुलना एकदम करावी, ६१ व्या दिवशी दोन्ही दारं बंद होतात.

आई-वडील भेटीला जात असतील तर

मराठी घरांतून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. पाहुण्याला दोन्ही देशांत सरकारी विमा नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसाला (आई-वडिलांच्या लांब मुक्कामाचा व्हिसा) किमान १,००,००० डॉलरचा, एक वर्षाचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला तशी अट नाही, म्हणून लोक स्वस्तातली पॉलिसी घेतात आणि तिथेच फसतात. पॉलिसी दोन जातीच्या. एक ‘फिक्स्ड’, जी हॉस्पिटलच्या दिवसामागे ठरलेली छोटी रक्कम देते. दुसरी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, जी डिडक्टिबलनंतर बिलाचा मोठा भाग उचलते. अमेरिकेत पहिली घेणं म्हणजे पावसाळ्यात रुमाल डोक्यावर धरणं.

कायमचे राहायला गेलेल्यांचं वेगळं. कॅनडात आई-वडिलांना कायम रहिवासी म्हणून नेणंच अवघड आहे, सोडतीत नाव निघावं लागतं. पण एकदा गेले की त्यांना तुमच्यासारखंच कार्ड मिळतं. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालं तरी ६५ वर्षांच्या ज्येष्ठाला मेडिकेअरसाठी सलग पाच वर्षं राहावं लागतं. आणि त्याने किंवा जोडीदाराने तिथे दहा वर्षं काम केलेलं नसेल तर हॉस्पिटलचा भाग विकत घ्यावा लागतो. २०२५ मध्ये तो महिना ५१८ डॉलर होता आणि डॉक्टरांचा भाग १८५. दोन्ही मिळून माणशी महिना ७०३. पाच वर्षं होईपर्यंत मार्केटप्लेसवरची पॉलिसी घेता येते.

एकूण देश किती खर्च करतो

२०२३ मध्ये अमेरिकेने माणशी १४,५७० डॉलर खर्च केले, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के. कॅनडाचा २०२४ चा आकडा माणशी सुमारे ९,००० कॅनेडियन डॉलर, म्हणजे १२.४ टक्के. चलनाचा फरक काढला तर कॅनडा जवळपास निम्म्यात भागवतो. फरकाचं एक मोठं कारण कागद आहेत. २०१७ च्या हिशेबाने विमा, बिलं, कोड आणि मंजुऱ्या सांभाळण्यावर अमेरिकेत माणशी २,४९७ डॉलर जात होते आणि कॅनडात ५५१ (दोन्ही अमेरिकन). २०२३ मध्ये सरासरी आयुर्मान अमेरिकेत ७८.४ वर्षं आणि कॅनडात ८१.७ होतं. पण हे सगळं श्रेय दवाखान्यांना देता येणार नाही. बंदुका, अपघात आणि अमली पदार्थ यांचाही त्यात वाटा आहे.

नदी ओलांडताना

शेवटी, रोज किंवा सुट्टीत पलीकडे जाणाऱ्यांसाठी. ऑन्टॅरिओचं कार्ड अमेरिकेत जवळजवळ निरुपयोगी आहे. अचानक आजारात ते हॉस्पिटलच्या दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर देतं, आणि बाह्यरुग्ण विभागाला दिवसाला ५०. अमेरिकेतल्या आयसीयूच्या एका दिवसापुढे हे चहापाण्याचे पैसे. म्हणून एका दुपारच्या खरेदीलाही प्रवासविमा घ्यावा. हिवाळाभर फ्लोरिडात राहणाऱ्यांनी दिवस मोजावेत, कारण कोणत्याही १२ महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर कार्ड धोक्यात येतं. आणि पॉलिसीतलं ‘स्थिर आजार’ हे कलम निघण्याआधी वाचावं. साधारण ९० दिवसांत औषधाचा डोस बदललेला असेल तर त्या आजाराचा क्लेम नाकारतात, आणि अनेक पॉलिसींत डोस कमी झाला असला तरी तो बदलच धरतात. बी.पी.ची गोळी अर्धी केल्याचा आनंद झाला असेल, तर आधी विमा कंपनीला फोन करून तारीख सांगायची आणि मगच गाडी पुलावर घालायची.